कामे खाली, पैसा वर

माझे गाव परसवाडा. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले तहसिलीचे ठिकाण. १९५६ पर्यंत बालाघाट व भंडारा या दोन्ही जिल्ह्यांचा कारभार नागपूरहून चाले. पुढे भंडारा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. म्हणून महाराष्ट्रातली पंचायत समिती आमच्याकडे 'जनपद पंचायत' झाली. नावे निराळी, पण प्रश्न दोन्हीकडे एकच : सरकारने सांगितलेल्या कामाचा पैसा कोणी द्यायचा?

२४ एप्रिल १९९३ रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय तिने नमूद केले. ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न मात्र घर, दिवाबत्ती, पाणी अशा लहानसहान करांचे. बाकी सारी भिस्त अनुदानावर, आणि तेही पुष्कळदा बांधलेले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचविले. त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवले होते. अशा वेळी वरून नवे काम आले, की ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्रच ठरते. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर देणे एकाने कबूल करायचे आणि खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा!

यावर देखरेख कोणाची? घटनेच्या २४३ आय कलमानुसार दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा लागतो. राज्याच्या उत्पन्नात पंचायतींचा वाटा किती असावा, हे तो सुचवितो. परंतु त्यात तीन उणिवा आहेत. त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. अहवाल विधानसभेपुढे ठेवण्यास घटनेत मुदत नाही. आणि मधल्या काळात बिनपैशाचे काम गळ्यात पडले, तर पंचायतीने दाद मागावी अशी सोय या आयोगाकडे नाही.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९५ साली घटनादुरुस्ती करून याच कामासाठी नऊ सदस्यांची परिषद निर्माण केली. पैसा न देता लादलेला आदेश ती रद्द ठरवू शकते. २०१२ साली शाळांतील दादागिरी रोखणारा कायदा असाच तिच्यापुढे आला. हेतू चांगला, पण तरतूद नाही, म्हणून परिषदेने शाळा मंडळाच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी विधिमंडळाने दहा लाख डॉलरचा निधी ठेवला आणि कायदा टिकला. 'तक्रारीचा हक्क दिला तर चांगल्या योजना अडतील' या आक्षेपाला हे उत्तर पुरेसे आहे.

मला तीन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक नव्या आदेशासोबत त्याचा खर्च व तो कोठून भागणार हे लिहिलेले असावे. आयोगाचा अहवाल सहा महिन्यांत विधानसभेपुढे यावा. आणि आयोग कायमचा करून त्याच्याकडे थेट तक्रार करण्याचा हक्क ग्रामपंचायतीला असावा. परसवाड्याच्या सरपंचाला त्यासाठी भोपाळच्या खेपा घालाव्या लागू नयेत. जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज देता यावा.

अधिकार दिले आणि तिजोरीची किल्ली वरच ठेवली, तर पंचायत राज्य नावापुरतेच उरेल.