अंगणातील डासांचा बंदोबस्त
डास खाडीकडून येतात, असा समज किनाऱ्यावरील गावांत आढळतो. डेंग्यू पसरविणारा एडिस डास मात्र बहुधा अंगणातच जन्मतो. माडाखालची करवंटी, विहिरीजवळची डोण, उताण्या होडीत साचलेले पावसाचे पाणी, होडीच्या कडेस टांगलेला जुना टायर, एवढी जागा त्यास पुरते. तो दिवसा चावतो. म्हणजे मूल शाळेत असतानाही.

उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करण्याचे कारण हेच. परंतु नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतील कडेस चिकटतात व कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून रांजण काथ्याने घासावा लागतो, आणि नेमके हेच घरोघरी राहून जाते. विहिरीत गप्पी मासे सोडावेत, ओढ्यात मात्र सोडू नयेत. पिण्याच्या पाण्यात रॉकेल कधीही टाकू नये.

शिक्षकांनी काचेच्या बाटलीत अळ्या घेऊन, तोंडास फडके बांधून, मुलांस दाखवाव्यात. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहते ती हिवतापाच्या ॲनॉफेलिस डासाची अळी. डोके खाली करून तिरकी लोंबते ती एडिस किंवा क्युलेक्सची. पाहणी संपताच बाटलीतील पाणी उन्हात कोरड्या जमिनीवर ओतावे.