३३ सामने, १७९ विकेट्स आणि कसोटी शून्य!

श्रीरामपूरचा झहीर खान डावखुरा, हे आपल्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण त्याच्या कितीतरी आधी इंग्लंड गाजवणारा मराठी डावखुरा फिरकीपटू कोण, हे कट्ट्यावर विचारून बघा. बहुतेक जण मोबाइल काढतील. उत्तर आहे, बाळू पालवणकर.

आधी आकडे बघू. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ विकेट्स, सरासरी १५.२१. म्हणजे सामन्यामागे पाचपेक्षा जास्त विकेट्स! झहीरच्या १६९ सामन्यांत ६७२, म्हणजे सामन्यामागे साधारण चार. अर्थात दोघांचा काळ वेगळा, खेळपट्ट्या वेगळ्या. त्यामुळे भारी कोण, हा वाद इथे नको.

खरी गंमत पुढे आहे. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळू ३५ वर्षांचे होते. त्या दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ विकेट्स काढल्या. त्यातल्या ७५ प्रथम श्रेणीच्या. म्हणजे अख्ख्या कारकिर्दीतल्या जवळपास ४२ टक्के विकेट्स एकाच उन्हाळ्यात!

मग बाकीची वर्षं काय झालं? फॉर्म गेला नव्हता, सामनेच नव्हते. तेव्हा मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू असे संघ वर्षातून एकदा भिडायचे. रणजी करंडक सुरू झाला १९३४ मध्ये. भारताची पहिली कसोटी १९३२ ची, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते!

काही गोष्टी तर स्कोअरकार्डवर येतच नाहीत. बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात महिना तीन-चार रुपयांवर ते मैदानाची कामं करायचे आणि नेट्समध्ये गोऱ्या साहेबांना तासन्‌तास बॉलिंग टाकायचे. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण जिंकायला ते हवेच होते. मैदानात सगळे त्यांनी टाकलेलाच बॉल हातात घ्यायचे. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचं टेबलही वेगळं.

हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये भावांनी आवाज उठवल्यावर उपकर्णधारपद मिळालं. १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला, पण तोवर बाळूंचं खेळणं थांबलं होतं.

म्हणून यापुढे कुणाचंही रेकॉर्ड बघताना विकेट्सच्या आधी 'सामने' हा रकाना वाचा. खेळाडू किती चांगला होता हे विकेट्स सांगतात, त्याला संधी किती मिळाली हे तो रकाना सांगतो. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत पाच-पाच विकेट्स काढूनही ज्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही, असा एखादा पोरगा तुमच्याही ओळखीचा असेल ना?