सागाचे जहाज, हळदूची प्रतिकृती

वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला उभे आहे. तोफांच्या डेकची लांबी सुमारे ४६ मीटर. समुद्रापासून दूर, रिसोड तालुक्यातल्या केनवडला एखाद्या विद्यार्थ्याने त्याची ४८ पट लहान प्रतिकृती करायची ठरवली, तर तिचा हा डेक मीटरभराच्या आत बसेल.

पण लाकूड सागाचे नको! सागाची छिद्रे सुमारे पाव मिलिमीटरची असतात. ४८ पटीच्या हिशेबात ती खऱ्या जहाजावरच्या १२ मिलिमीटरच्या भोकांसारखी दिसतात. जहाज लहान होते, लाकडाचा पोत होत नाही. म्हणून बारीक, एकसारख्या पोताचे हळदू उत्तम.

हत्यारे साधीच: बारीक दात्यांची करवत, धारदार पटाशी, छोटा रंधा, कानस, पॉलिशपेपर. आधी कणा आणि बरगड्या, मग त्यांवर मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्या. पट्टी गरम पाण्यात भिजवली की लाकडातले लिग्निन मऊ होते आणि तंतू एकमेकांवर सरकतात. वाकवून, चिमट्यांनी आवळून पूर्ण वाळू द्यावी. तो बाक बहुतांशी टिकतो. घाई केलीत तर पट्टी उलटी ताणते आणि गोंद सोडते.

ॲक्रिलिक रंगाचे पातळ थर द्यावेत, जाड थरात कोरीवकाम बुजते. रंगही किंचित फिका घ्यावा. दूरचे खरे जहाज आपण हवेच्या थरातून पाहतो, त्यामुळे त्याचा काळा रंगही करडाच दिसतो.