हात अनेक, विचार एक

‘गांव करी तें राव न करी’ ही म्हण अनुभवांतून निघालेली आहे. पावसाळ्यांत बांध फुटूं लागला, तर एकट्या धनवंताच्या हातून जें होत नाहीं, तें पन्नास माणसें पाट्या घेऊन उभीं राहिलीं म्हणजे घटकाभरांत होतें. ज्या कापणीस दहा माणसांना सहा दिवस लागतात, ती वीस माणसें तीन दिवसांत उरकतात. त्यामुळें काम मागें पडलें कीं माणसें वाढवावीं, हा उपाय मनुष्यास सहज सुचतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक धंदा असा भरभराटीस आला कीं, ज्यांत हा उपाय पुष्कळदां उलटाच फळतो. तो धंदा म्हणजे संगणकाचें सॉफ्टवेअर, अर्थात् त्यास द्यावयाच्या आज्ञांची रचना करण्याचा होय.

मोठ्या कामाच्या आज्ञावलींत लक्षावधि ओळी असतात. एकट्या मनुष्यानें त्या लिहावयाच्या म्हटल्या, तर त्याचें आयुष्यहि पुरणार नाहीं. म्हणून काम वांटून घ्यावें लागतें. आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. गवंड्यांच्या दोन टोळ्या दोन बाजूंनीं भिंत बांधीत आल्या, तर ती वांकडी जात आहे हें डोळ्यांस दिसतें व ओळंब्यानें पारखतां येतें. आज्ञावली मात्र दिसत नाहीं. ती केवळ विचारांची बांधणी आहे. तिचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाकडून कांहीं घेतो व त्यास कांहीं देतो. शेजारी काय देईल याविषयीं लिहिणारा मनांत एक समजूत धरून चालतो. ती समजूत चुकली, तर दोन्ही भाग आपापल्या परी निर्दोष असूनहि त्यांची जोडणी सदोष होते.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आय. बी. एम. या कंपनीचें आहे. ता. ७ एप्रिल १९६४ रोजीं तिनें ‘सिस्टिम ३६०’ या नांवानें संगणकांचें एक कुटुंबच जाहीर केलें. लहान यंत्रासाठीं लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावरहि चालावी, ही त्यामागील कल्पना होती. त्यासाठीं यंत्राचा सर्व कारभार पाहणारी एक मुख्य आज्ञावली हवी होती. तिची जबाबदारी फ्रेडरिक ब्रूक्स यांजकडे आली. भर कामाच्या काळांत हजारांहून अधिक माणसें तिजवर राबत होतीं. आणि १९६३ ते १९६६ या अवधींत, खुद्द ब्रूक्स यांच्या अंदाजाप्रमाणें, एका माणसानें पांच हजार वर्षें खपावें इतके श्रम तिजवर खर्ची पडले. तरीहि काम वेळेवर झालें नाहीं.

ब्रूक्स यांनीं पुढें या अनुभवाचा शांतपणें विचार करून १९७५ सालीं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हें पुस्तक लिहिलें. त्यांचा निष्कर्ष असा कीं, रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर नवीं माणसें घातल्यास तें अधिकच रखडतें. हें विधान प्रथम विपरीत वाटतें. परंतु त्याचीं कारणें साधीं आहेत. नव्या माणसास काम समजावून द्यावें लागतें, व तें समजावून देणारा जुना जाणकारच असतो. म्हणजे ज्याच्या हातून काम पुढें सरकत होतें, त्याचेच हात अडकतात. दुसरें असें कीं, वांटणी नव्यानें करावी लागून अर्धेंमुर्धें झालेलें काम मोडावें लागतें. तिसरें कारण गणिताचें आहे. दोन माणसांत बोलण्याची वाट एक; दहा माणसांत अशा वाटा ४५ होतात; आणि पन्नास माणसांत १,२२५. माणसें पांचपट झालीं, पण वाटा सत्तावीसपट झाल्या. प्रत्येकास प्रत्येकाशीं बोलावें लागत नाहीं, हें खरें; तथापि ज्यांचे भाग एकमेकांस भिडतात त्यांना बोलल्यावांचून गति नसते, आणि जो वेळ बोलण्यांत जातो तो लिहिण्यांतून वजा होतो.

त्याच पुस्तकांतील एक प्रसंग विशेष बोधप्रद आहे. आज्ञावलीनें बाहेरून कसें वागावें याचा तपशीलवार मसुदा प्रथम लिहावयाचा होता. एका प्रमुखापाशीं दहा निवडक माणसें होतीं. त्याचें म्हणणें, मसुदा नीट होईल, पण दहा महिने, म्हणजे ठरल्यापेक्षां तीन महिने अधिक, लागतील. दुसऱ्या प्रमुखापाशीं दीडशें माणसें होतीं. त्यानें ठरल्या वेळांत मसुदा देण्याची हमी दिली. शिवाय हें काम त्या दहांकडे गेलें, तर आपले दीडशें लोक रिकामे बसतील, असेंहि तो म्हणाला. ब्रूक्स यांनीं दीडशांचा पक्ष घेतला. परिणाम असा झाला कीं, मसुदा तीन महिने उशिराच आला व कमी प्रतीचा निघाला. इतकेंच नव्हे, तर त्यांत एकसूत्रता नसल्यामुळें पुढें चुका शोधण्याचें काम सुमारें वर्षभर वाढलें, असा त्यांनींच हिशेब मांडला आहे. दहांच्या मनांत एकच आराखडा राहूं शकला असता. दीडशांत त्याचीं शकलें झालीं.

अशा फटीची किंमत किती मोठी असूं शकते, हें १९९९ सालीं दिसलें. मंगळाकडे धाडलेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या अमेरिकन यानाच्या कामांत एका पथकाची आज्ञावली जोराचें माप पौंडांच्या हिशेबानें देत होती, तर दुसरें पथक तेच आंकडे न्यूटनांचे म्हणून घेत होतें. दोहोंत सुमारें साडेचारपट अंतर आहे. मार्ग जुळत नाहीं अशी शंका कांहींजणांस आलीहि होती. परंतु तिचा वेळीं छडा लागला नाहीं. ता. २३ सप्टेंबर रोजीं यान मंगळाच्या फारच जवळ गेलें व कायमचें हरपलें. आंकडेमोड कोणाची चुकली नव्हती. चुकली ती दोघांमधील बोली.

पुण्याजवळ हिंजवडीस आज मराठी तरुण-तरुणी मोठ्या संख्येनें याच धंद्यांत आहेत. त्यांच्यापैकीं कित्येकांचे सहकारी अमेरिकेंत असतात. इकडे दिवस मावळतो तेव्हां तिकडे कामास आरंभ होतो. रात्रीं उशिरापर्यंत ‘नुसतें बोलणें’ चाललेलें पाहून घरच्या वडीलधाऱ्यांस नवल वाटतें. परंतु तें बोलणें कामांतील व्यत्यय नसून बहुधा कामाचाच भाग असतो. समुद्रापलीकडच्या मनाशीं आपली समजूत ताडून पाहण्याचा तो उद्योग असतो.

यावर रामबाण उपाय नाहीं. परंतु उपयोगी पडणारे नियम आहेत. पथकें लहान असावीं. एकंदर रचना एकदोघांच्या मनांत पूर्ण वसलेली असावी व बाकीच्यांनीं तिला अनुसरावें. जेथें दोन भाग भिडतात, तेथील करार आधीं लेखी ठरवावा आणि दोहोंची जोडणी अखेरपर्यंत लांबणीवर न टाकतां प्रथमपासून वारंवार करून पाहावी. शंका घेणारास उद्धट समजूं नये. आणि काम मागें पडलेंच, तर माणसें वाढविण्यापूर्वीं मुदत वाढवावी किंवा कामाचा आवांका कमी करावा. बांध घालतांना हात मोजावे हें योग्यच. पण जेथें विचारच बांधावयाचा आहे, तेथें हातांआधीं समजुतींचा मेळ घालावा लागतो.