दुकानाची ॲल्युमिनियमची दर्शनी चौकट : खर्चाचे घटक आणि चौरस फुटाचा दर

जुन्या पेठांतून दुकानाचा दर्शनी भाग बहुधा लाकडी फळ्यांचा असे. सकाळी त्या खाचेतून काढून रचून ठेवावयाच्या व रात्री पुन्हा बसवावयाच्या, असा क्रम होता. पुढे त्यांची जागा लोखंडी शटरने घेतली. आणि आता त्या शटरच्या आत ॲल्युमिनियमची चौकट व तीत बसविलेली काच, हे रूप मोठ्या शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावीही रूढ झाले आहे. असे काम करवून घेणारा व्यापारी कारागिरास प्रथम एकच प्रश्न विचारतो : चौरस फुटास दर काय? दोनतीन ठिकाणचे दर मागवून त्यांतील सर्वांत कमी दर स्वीकारला की आपण काटकसर केली, असे त्यास वाटते. परंतु ह्या चौकटीचा खर्च ज्या घटकांवर अवलंबून असतो, त्यांपैकी फारच थोडे घटक क्षेत्रफळाच्या प्रमाणात बदलतात. म्हणून चौरस फुटाचा दर हे ह्या कामाचे खरे माप होय काय, ह्याचा विचार करणे आवश्यक ठरते.

प्रथमदर्शनी धातूचा बाजारभाव हाच मुख्य घटक वाटतो. हॉल व एरू ह्यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत्-विघटनाच्या रीतीनेच आजही ॲल्युमिनियम तयार होते, व एका टनास सुमारे १३,००० ते १५,००० युनिट वीज लागते. साहजिकच विजेचे व इंधनाचे भाव ह्या धातूच्या किमतीत उतरतात. लंडनच्या धातुबाजारात एप्रिल २०२० मध्ये टनामागे १,५०० डॉलरच्या आसपास असलेला भाव मार्च २०२२ मध्ये काही काळ ४,००० डॉलरच्या वर गेला होता. तथापि एका दुकानाच्या चौकटीत धातू किती लागतो, हे पाहिल्यावाचून ह्या चढउताराचे महत्त्व ठरविता येणार नाही.

ह्यासाठी १५ फूट रुंद व ८ फूट उंच, म्हणजे १२० चौरस फुटांचा एक दर्शनी भाग कल्पू. त्यात पाच-पाच फुटांच्या तीन स्थिर काचा बसविल्या, तर चार उभे व वरखालचे दोन आडवे भाग मिळून ६२ फूट सेक्शन लागतो. आता ह्याच जागेत मधल्या भागी दुहेरी दार घेतले आणि ७ फुटांवर सर्व रुंदीभर आडवी पट्टी दिली, तर दाराखालचा उंबरठ्याचा भाग वगळूनही चौकटीस ७२ फूट व दोन झडपांस ३८ फूट, असा एकूण ११० फूट सेक्शन लागतो. क्षेत्रफळ तेच, धातू मात्र सुमारे पाऊणपटीने अधिक. त्याखेरीज झडपांचे आठ कोपरे कापून जुळविण्याची मजुरी, फ्लोअर स्प्रिंग, कुलूप व मुठी हा खर्च वेगळा. चौकटीचा खर्च क्षेत्रफळापेक्षा कडांच्या लांबीवर, सांध्यांच्या संख्येवर व उघडणाऱ्या भागांवर अधिक अवलंबून असतो, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

सेक्शन सर्वत्र १०० × ४५ मिलिमीटर मापाचा, पोकळ व दीड मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा आहे असे धरले, तर त्याचे वजन मीटरला सुमारे १.१५ किलो भरते. ११० फुटांस धातू लागतो तो साडेअडतीस किलोंच्या घरात. किलोमागे भाव ५० रुपयांनी वाढला, तरी संपूर्ण कामावर भार पडतो तो सुमारे १,९०० रुपयांचाच. धातूच्या भावाकडे बोट दाखवून अवाच्या सवा वाढविलेला दर म्हणूनच तपासून घेण्यासारखा असतो.

येथे तुकड्यांचाही हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. सेक्शन ठरावीक लांबीत विकला जातो. ही लांबी १६ फूट असेल, तर ८ फुटी उभे भाग त्यातून दोन निघतात व काही वाया जात नाही. उंची ९ फूट केली की एकच निघतो आणि ७ फुटांचा तुकडा शिल्लक राहतो. तो अन्यत्र उपयोगी पडला नाही, तर त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या माथी येते. प्रचलित नमुन्यांहून निराळ्या आकाराचा सेक्शन हवा असेल, तर त्यासाठी नवा साचा करावा लागतो. तो खर्च मोठ्या इमारतीच्या कामात विभागला जातो, एकट्या दुकानास पेलत नाही.

उंचीचा परिणाम केवळ तुकड्यांपुरता नाही. वाऱ्याच्या दाबाखाली उभा भाग किती वाकतो, हे त्याच्या उंचीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते. उंची ८ फुटांवरून १० फुटांवर नेली, तर क्षेत्रफळ सव्वापट होते. वाकणे मात्र जवळजवळ अडीचपट. वाऱ्याचा दाबही स्थळानुसार भिन्न असतो. भारतीय मानकात मूळ वायुवेग पुण्यास सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबईस ४४ मीटर धरला आहे. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने अन्य परिस्थिती समान असता मुंबईचा दाब सुमारे २७ टक्क्यांनी अधिक येतो. ह्यावर उपाय म्हणजे सेक्शनची खोली वाढविणे होय. वर उल्लेखिलेल्या सेक्शनची खोली १०० ऐवजी १२५ मिलिमीटर केली, तर धातू सुमारे १८ टक्के अधिक लागतो, परंतु ताठपणा सुमारे ७४ टक्क्यांनी वाढतो. योग्य जागी केलेला थोडा अधिक खर्च किती फलदायी होतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

काचेचा विचार ह्याहूनही महत्त्वाचा आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो असते. म्हणजे ५ × ८ फुटांची एकच काच सुमारे १११ किलो भरते. ती आणणे, उचलणे व बसविणे ह्यांस माणसे अधिक लागतात. टफन केलेली काच फुटल्यास तिचे बोथट बारीक तुकडे होतात, म्हणून दारास व येजा असलेल्या भागास तीच योग्य. परंतु टफन केल्यानंतर तिला कापता अथवा छिद्र पाडता येत नाही. मापात अर्ध्या इंचाची चूक झाली, तर संपूर्ण काच वाया जाते. जुन्या इमारतींतील गाळ्यांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. तेथे गिलावा व फरशी पुरी होण्यापूर्वी घेतलेले माप पुढे महागात पडते. जुने शटर काढणे, तुळईची दुरुस्ती, पदपथावरील अपुरी जागा, रात्रीचे काम, हे खर्चही जागेनुसार बदलतात. चौरस फुटाच्या दरात त्यांचा पत्ता नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दीड मिलिमीटरच्या व दोन मिलिमीटरच्या भिंतीचा सेक्शन बाहेरून अगदी सारखा दिसतो. वरील उदाहरणात ह्या दोहोंत साडेबारा किलो धातूचा फरक पडतो, आणि पातळ सेक्शनचा ताठपणा सुमारे चतुर्थांशाने कमी असतो. पावडर कोटिंगची जाडी, ॲनोडायझिंगचा थर, काच टफन केलेली आहे की साधी, ह्यांपैकी कोणतीच गोष्ट सामान्य गिऱ्हाइकास डोळ्यांनी सहज पारखता येत नाही. विक्रेत्यास मालाचा दर्जा ठाऊक व खरेदीदारास अज्ञात, अशा बाजाराचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० मध्ये केले होते : तेथे हलका माल चांगल्या मालास हुसकून लावतो. चौरस फुटाच्या दराने ही प्रवृत्ती बळावते. कारण स्पर्धा केवळ एका आकड्यावर होऊ लागली की जो जाडी, काच वा थर ह्यांत कपात करील तोच काम मिळवितो, आणि प्रामाणिक कारागीर मागे पडतो. त्याचा परिणाम वर्षादोनवर्षांनी घासणाऱ्या दारात, समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने डागाळलेल्या चौकटीत, किंवा क्वचित एखाद्या पादचाऱ्याच्या अंगावर कोसळलेल्या साध्या काचेत दिसून येतो.

सारांश, ॲल्युमिनियमच्या दर्शनी चौकटीस एकच दर असू शकत नाही. सेक्शनचे माप, भिंतीची जाडी व एकूण वजन. काचेचा प्रकार व जाडी. उघडणारे भाग व त्यांचे सामान. पृष्ठभागाच्या थराची जाडी. आणि जागेवरील काम, ह्या पाच बाबी जेथे वेगळ्या मांडल्या असतील, तेच दरपत्रक दुसऱ्याशी ताडून पाहता येते. अशा मांडणीस कारागिरास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. एवढ्याने सर्व फसवणूक टळेल असे नव्हे. परंतु कमी दर आणि कमी माल ह्यांतील भेद कळण्याची सोय तरी त्यामुळे होईल, आणि चांगल्या कामास त्याची रास्त किंमत मागता येईल.