हौदातलं पाणी हिरवं का होतं?

परसातल्या हौदात तुम्ही हौसेने मासे सोडलेत आणि उन्हाळा लागताच पाणी हिरवंगार झालं, तर घरातलं कुणीतरी म्हणणारच, "उपसा तो हौद आणि घासून काढा!" पण जरा थांबा.

तो हिरवा रंग म्हणजे घाण नव्हे बरं का! त्या आहेत शेवाळाच्या असंख्य सूक्ष्म वनस्पती. त्यांना हवं असतं ऊन आणि खत. ऊन वरून मिळतं. खत कोण घालतं? आपणच! माशांनी न खाल्लेले पोळीचे तुकडे आणि पडलेला पाला पाण्यात कुजतो. कुंड्यांमधलं खत पहिल्या पावसात वाहून येतं. शेवाळाची मेजवानीच!

हौद उपसला, तर शेवाळ खाणारे मोहरीएवढे पाणकिडेही जातात. नव्या पाण्यावर तेच ऊन, तेच खत. थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवं!

काहीजण मोरचूद टाकतात. ते मुळीच करू नका. त्याने मासे मरू शकतात. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. जिवंत शेवाळसुद्धा दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री वापरतं. म्हणूनच पाणी फार हिरवं झालं की पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात. ते खेळत नसतात, त्यांचा जीव गुदमरत असतो! अशा वेळी तांब्याने हौदातलंच पाणी घेऊन उंचावरून पुनःपुन्हा ओता. हवा मिसळेल.

खरा उपाय म्हणजे शेवाळाची उपासमार. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका. पाला रोज जाळीने काढा. लांब तंतूंचं शेवाळ काठीला गुंडाळून ओढा. ते झाडांना खत म्हणून छान! कमळं लावून निम्मा पृष्ठभाग झाकला, की ऊनही अडतं. जलपर्णी मात्र नको. ती भराभर वाढते आणि ओढ्या-नदीत गेली की आवरत नाही. पाणी बदलायचंच, तर एका वेळी पाव हौद. नळाचं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मगच घाला, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जाईल.

खरं-खोटं बघायचंय? हौदातलं पाणी काचेच्या दोन बरण्यांत भरा. एक उन्हात, एक कपाटात. पंधरा दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवा आणि आईबाबांना बोलवा.