अलार्म खोटं बोलतो का?

मेसमध्ये सिलिंडर गळला तर वासावरून लगेच कळतं, कारण त्या गॅसमध्ये वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. म्हणून तो ओळखायला यंत्र लागतं.

असं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या मे महिन्यात, अमेरिकेत मिशिगनला मामाकडे. मामाने एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला होता, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. शेगडी, फ्रिज, हीटर, सगळं प्रोपेन गॅसवर, आणि झोपायची जागा त्यांच्यापासून चार पावलांवर! भिंतीवरचा अलार्म दर मिनिटाला एकदा 'टुक्' करायचा. मामा म्हणाला, "काढूनच टाकतो याला." मामीने ठाम नकार दिला.

मग आम्ही त्याचं माहितीपत्रक वाचलं. वायू सापडला तर अलार्म सलग चार वेळा जोरात वाजतो, थांबतो, पुन्हा चार वेळा वाजतो. अधूनमधून येणारं एकच 'टुक्' ही त्याची स्वतःची तक्रार असते: वीज कमी पडते आहे किंवा त्याचं आयुष्य संपलं आहे. ट्रेलरमधले बरेच अलार्म १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि हिवाळाभर उभ्या ट्रेलरची बॅटरी उतरते, म्हणून आधी मीटर लावून पाहिला. बॅटरी ठीक होती. स्क्रू काढून अलार्मची मागची बाजू पाहिली, तर उत्पादनाचं वर्ष २००३! आतला सेन्सर साधारण ५ ते ७ वर्षं टिकतो, काही नव्या अलार्ममध्ये १०.

गंमत म्हणजे टेस्टचं बटण दाबलं की हा म्हातारा खणखणीत वाजायचा. ते बटण भोंगा, वीज आणि सर्किट तपासतं. सेन्सरला वायू कळतो की नाही, हे त्यातून समजत नाही. वर्गात 'हजर, सर' ओरडणाऱ्याचा गृहपाठ झालेलाच असतो असं नाही, तसंच हे.

नवा अलार्म बसवला. तिसऱ्या रात्री थंडी होती, हीटर चालू होता आणि दोनच्या सुमारास चार-चार वेळा वाजणं सुरू झालं. मामीने सगळ्यांना अंथरुणातून ओढून बाहेर काढलं. दार उघडं राहिलं आणि थोड्या वेळाने अलार्म गप्प झाला. मामा म्हणाला, "हाही बिघडकाच निघाला."

माझ्या मते लोक फसतात ते नेमके इथे. दार उघडल्यावर ताजी हवा येते, वायू पातळ होतो आणि अलार्म थांबतो. म्हणजे थांबणं हा तो खोटा असल्याचा पुरावा नाही, उलट खरा असल्याची शक्यता वाढते. शिवाय हा अलार्म उतावळा नसतो. अमेरिकेतल्या यूएल २०३४ या मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असेल तर तो १ ते ४ तासांत वाजायला हवा, ४०० भाग असतील तर ४ ते १५ मिनिटांत. रक्तात वायू किती साचत जाईल याचा हिशोब त्यामागे आहे.

खोटी हाकही कधी कधी येते. बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळू लागली तर हायड्रोजन सुटतो आणि सेन्सर त्यालाच कार्बन मोनॉक्साइड समजू शकतो. शेजारच्या तंबूवाल्याच्या जनरेटरचा धूर खिडकीतून आला तर मात्र ती हाक खरीच, दोष फक्त आपल्या ट्रेलरचा नसतो. पण ही चर्चा बाहेर उभं राहून करायची.

उरलेली रात्र आम्ही मोटारीत काढली. सकाळी आलेल्या मेकॅनिकने हीटर उघडला. ज्योत निळी असायला हवी होती, ती पिवळी होती, आणि जळालेला वायू खोलीतल्या हवेपासून वेगळा ठेवणाऱ्या धातूच्या पेटीला बारीक तडा गेला होता. धुराड्यात गांधीलमाशीचं मातीचं घर सापडणं हेही त्याच्या रोजच्या कामातलं, असं तो म्हणाला. तो हीटर मामाने बदलला. नवा अलार्म मात्र तोच ठेवला आणि त्याच्यावर काळ्या मार्करने तारीख लिहिली.